नळातलं पहिलं पाणी

बाटलीच्या झाकणात एक रबरी कडं असतं आणि ते अधूनमधून काढून धुवायचं असतं, हे कल्पिताला इतर कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. गेल्या चार महिन्यांत तिने ते एकदाही काढलं नव्हतं. रविवारी सकाळी गावी जायला निघताना तिने घाईघाईत झाकण उघडलं, काय वाटलं कोण जाणे, तर्जनी आतून फिरवली, आणि बोट घसरलं. एवढंच झालं. काही सांडलं नाही, फुटलं नाही. पण खारघरच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात ती बोट आणि अंगठा एकमेकांवर चोळत तशीच उभी राहिली. बुळबुळीत, गार, किंचित गुलाबीसर थर. चोळला की सरकतो, पण जात नाही. बारा वर्षं ती तळोज्याच्या एका प्रयोगशाळेत लोकांच्या पाण्याला दाखले देत होती. हॉटेलांचं, सोसायट्यांचं, बर्फाच्या कारखान्यांचं पाणी तिच्या सहीने पिण्यालायक ठरत होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा. "सव्वासातची गाडी चुकेल," बाहेरून निकेत म्हणाला. तो तिचा नवरा. वेळेची आठवण करून देणं हे त्याच्या मायेचं मुख्य रूप होतं. तिने बाटली सिंकमध्ये आडवी ठेवली, साबणाने दोनदा हात धुतले आणि पाणी न घेताच निघाली.

पनवेलला अलिबागची एसटी मिळाली, खिडकीही मिळाली. मे महिन्याचं ऊन सकाळी आठलाच खिडकीच्या गजांवर तापू लागलं होतं. पुढच्या सीटवर एका बाईच्या मांडीवर सुक्या बोंबलांची पिशवी होती आणि शेजारचा माणूस नाकाला रुमाल लावून बसला होता. कल्पिताला तो वास घरचा वाटला आणि घरचा वाटला म्हणून ती जरा बाहेर बघू लागली. बोटाला अजून तो स्पर्श होता. याच बाटलीतलं पाणी ती हळदीला प्यायली होती. दहा दिवसांपूर्वी, गुरुवारी, आंबेखारला, गणराजदादाच्या अंगणात. भावाच्या मुलीची, रुचिकाची हळद. आगऱ्यांच्या घरची हळद म्हणजे लग्नाहून मोठी. साडेसहाशे माणूस जेवून उठलं, बँजो वाजला, म्हाताऱ्या नाचल्या, आणि नवरीची आत्या म्हणून कल्पितालाही दोन बायकांनी हाताला धरून ओढलं. नाचून आल्यावर तिने पर्समधून आपली बाटली काढली. समोर टेबलावर निळ्या पिंपांतलं पाणी होतं, बर्फ घातलेलं, पेल्यांवर दव आलेलं. तिला कुणी टोकलं नाही. ती गावी आली की आपलं पाणी घेऊन येते हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यात कुणाला वावगंही वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, अक्षता पडून तास झाला नव्हता, तेव्हा हॉलच्या संडासांपुढे रांग लागली. संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस जण जुलाब-उलट्यांनी आडवे झाले. त्यांत हळदीला जेवून गेलेले नवऱ्यामुलाकडचे अकरा. त्यांत तिची सख्खी आत्या ठमाबाई, वय ऐंशीच्या पुढे, जिला रात्रीतून अलिबागला नेऊन सलाईन लावावं लागलं. कल्पिताला काहीही झालं नाही. साधं पोटात गुडगुडलंसुद्धा नाही.

आणि संडासांपुढची ती रांग बघितल्यावर आपल्या मनात पहिल्यांदा काय आलं, हे ती गेले नऊ दिवस वेगवेगळ्या शब्दांत स्वतःला सांगून बघत होती. आधी धक्का बसला, असं ती निकेतला म्हणाली होती. ते खोटं होतं. आधी तिच्या मनात एकच शब्द आला: सुटला. थर सुटला. पाइपाच्या आतला थर भिंतीपासून सुटला आणि वाहत आला. पुस्तकात लिहिलंय तसाच, तिने स्वतः प्रबंधात लिहिलं होतं तसाच. आणि त्या शब्दामागोमाग एक बारीकसं समाधान आलं, गणिताचं उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळल्यावर येतं तसं. आत्या पंख्याखाली ओकत होती आणि हिचं उत्तर जुळलं होतं. ते समाधान क्षणभरच टिकलं. त्याच्यानंतर जी लाज वाटली ती मात्र टिकून राहिली, आणि विचित्र असं की त्या लाजेकडेही ती जरा लांबूनच बघत होती. काचेखाली ठेवल्यासारखी. माणसाने इतकं कोरडं असू नये, असं तिला वाटलं. वाटलं म्हणजे, तसा विचार आला.

वडखळला गाडी थांबली. पापडवाल्या, कलिंगडवाले, पाण्याच्या बाटल्यावाले खिडकीशी आले. तिला तहान लागली होती. तिने बाटली घेतली नाही. पंधरा वर्षांपूर्वी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असताना ती याच रस्त्याने दर शनिवारी गावी यायची आणि गावातल्या नळाच्या पाइपाचे तुकडे डब्यात घालून घेऊन जायची. तुकडे कापून द्यायचा सदू. सदू म्हणजे ठमाबाईचा मुलगा, तिचा आतेभाऊ, तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. शाळा आठवीत सुटली, थोडे दिवस मिठागरावर गेला, मग ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामाला लागला. टाकीवर चढायचं, जंतू मारायची ब्लीचिंग पावडर टाकायची, आळीआळीचे व्हॉल्व्ह फिरवायचे आणि सगळ्या गावाच्या शिव्या खायच्या, असं ते काम होतं. कागदावर त्याला जलसुरक्षक म्हणत. गाव पानीवाला सदू म्हणे. लाइन फुटली की तो करवतीने फुटका तुकडा कापायचा आणि तिच्यासाठी ओल्या फडक्यात बांधून ठेवायचा. पहिला तुकडा त्याने तिच्यापुढे उभा धरला आणि आत बोट घालून दाखवलं. "बघ गो, नलाला शेंबूड झालाय," तो म्हणाला. तिने तेव्हा तासभर त्याला समजावून सांगितलं होतं. टाकीच्या पायऱ्यांवर बसून, अगदी हौसेने. तेव्हा तिला गोष्टी समजावून सांगायची हौस होती.

ती म्हणाली होती, पाण्यात सुटे फिरणारे जंतू असतात ते दुबळे. पावडर पडली की मरतात. पण काही जंतू पाइपाच्या भिंतीला चिकटतात, आपल्या अंगातून चिकटा सोडतात आणि त्या चिकट्यात घर करून राहतात. एकावर एक थर. पावडर आली की ती वरच्या थराशीच लढून संपते. वरचे मरतात, खालच्यांपर्यंत विष पोचतच नाही. खालचे मग खाणं कमी करतात, हालचाल कमी करतात, जवळजवळ झोपूनच जातात, आणि जो झोपलाय त्याला विष लागत नाही, कारण विष खायलाही जागं असावं लागतं. रोज थोडं थोडं विष दिलं तर थर पातळ होत नाही, उलट चिवट होतो. सदू ऐकत होता. त्याच्या कपाळाला पावडरीचा पांढरा पट्टा लागला होता. "म्हंजे वरचं मरतात ते खालच्यांसाठी काय?" त्याने विचारलं. प्रश्न हुशार होता. तिच्या मार्गदर्शक बाईंनीसुद्धा तो विचारला नव्हता. तिने हसून सांगितलं, "छे रे. कुणी कुणासाठी मरत नाही. जो बाहेर असतो त्याला आधी लागतं, एवढंच." तो म्हणाला, "आनि एकदम लय टाकली तं?" ती म्हणाली, तर चिकटाच विरघळतो, थराचे लचके सुटतात, आणि त्या लचक्यांच्या पोटात जिवंत जंतू असतात, पाण्याबरोबर ते थेट नळातून बाहेर. म्हणून मग तेव्हा पहिलं पाणी सोडून द्यायचं. हे वाक्य तिने तेव्हा सांगितलं होतं का? सांगितलं असावं. पंधरा वर्षांपूर्वीच्या वाक्यावर आज भिस्त ठेवायला ती तयार झाली असती, फक्त ते आठवायला हवं होतं. सदूला ते लक्षात नसणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. कपाळावरच्या पट्ट्यासकट सगळं आठवत होतं, तेवढं वाक्य आठवत नव्हतं.

हळदीच्या आधीच्या रविवारी गणराजदादाने पाण्याचा नमुना तिच्याकडे पाठवला होता, बर्फाच्या थर्मासमध्ये, एसटीच्या कंडक्टरच्या हाती. नवऱ्यामुलाकडची मंडळी उरणची, बोलायला फटकळ. लग्नात खोट राहायला नको, पाणी तेवढं तपास, असा निरोप. मंगळवारी निकाल आला. फार वाईट नव्हता, पण बरा नव्हता. तिने सदूला फोन लावला तेव्हा ती सेक्टर बाराच्या एका दुकानात उभी होती, हळदीला नेसायच्या पिवळ्या साडीला फॉल लावायला दिला होता तो घ्यायला. दुकानदार साडी सापडत नाही म्हणून गठ्ठे उपसत होता. "सदूदादा, रोज किती टाकतोस?" "हजार लिटरला एक करवंटी." ती करवंटी तिला माहीत होती, साधारण पाच ग्रॅम पावडर बसेल अशी त्याने घासून घासून केलेली बारकी वाटी. तराजू पंचायतीने दिला होता, तो त्याच्या घरी मासळी जोखायला होता. "बुधवारी तीन टाक. तिप्पट." "वास येल गो." "बर्फात नाही कळत. आणि सकाळी ओटी करून बघ, पिवळं आलं पाहिजे." ओटी म्हणजे पाण्यात दोन थेंब टाकायचं औषध, पाण्यात पावडर शिल्लक असली की रंग पिवळा होतो. तेवढ्यात साडी सापडली. तिच्या जिभेवर पुढचं वाक्य होतं. खालच्या आळीच्या टोकाला गटाराकडे तोंड करून एक व्हॉल्व्ह आहे, त्याला वॉशआउट म्हणतात. तो उघडून पहाटेचं पहिलं पाणी तासभर वाहून जाऊ द्यायचं. पण तासभर पाणी सोडलं की टाकी पाव रिकामी. पाणी एक दिवसाआड येणार. मग हळदीला टँकर. मग गणराजदादाचा फोन, तू शिकलीस म्हणून आम्ही पाणी गटारात ओतायचं काय, आणि त्याला समजावत अर्धा तास. हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून एका झटक्यात गेलं, त्याला विचार म्हणावं इतकाही वेळ लागला नाही. पलीकडून सदूने विचारलं, "आनि काय करायचं?" "बस," ती म्हणाली, "एवढंच." आणि साडीची घडी उलगडून फॉलची शिवण बघू लागली.

बुधवारी सदूने सांगितल्याप्रमाणे तीन-तीन करवंट्या टाकल्या. गुरुवारी सकाळी टाकीजवळच्या नळावर ओटी केली. गर्द पिवळा रंग आला. खालच्या आळीतल्या शेवटच्या नळावर पहाटे पाणी आलं ते चहासारखं होतं आणि त्यात शेवाळाचे असावेत तसे तुकडे होते. बायकांनी ते फडक्याने गाळून घेतलं. हळदीचं घर खालच्या आळीत. मांडवातली पिंपं त्याच नळावर भरली. हे तिला नंतर गणराजदादाकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. आणि हेही, की शनिवारी तपासणीला आलेल्या लोकांपुढे सदू आपण होऊन म्हणाला, माझाच अंदाज चुकला, पावडर माझ्या हातनं जास्त पडली. "हळदीची चढली असेल त्याला," दादा फोनवर म्हणाला. "पण पावडर तर हळदीच्या आदल्या दिवशी टाकली ना?" कल्पिताने विचारलं. "मग आदल्या दिवशीची," दादा म्हणाला. तिने फोन ठेवला. तिला हायसं वाटलं. यावर मात्र दुसरे शब्द शोधण्यात अर्थ नव्हता. अंगावरचं ओझं कुणीतरी परस्पर उचलावं तसं हायसं वाटलं, आणि त्या रात्री तिला झोपही लागली. नंतरचे आठ दिवस ती प्रयोगशाळेत गेली, नमुने तपासले, सह्या केल्या. सदूचा फोन आला नाही. तिने केला नाही. शुक्रवारी सरपंच येसाजींचा आला. मिठागरवाल्या घरातला माणूस, आता दारात सहा ट्रक. "रविवारी मीटिंग हाय," ते म्हणाले. "सदूला काढायला लागल, गाव ऐकत न्हाय. पन तू ये. तू या विषयातली. तुझा शब्द परला म्हंजे उद्या कोन बोलायला नको." येते, असं ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की आपण खरं सांगायला जाणार आहोत की सदूला काढायला मदत करायला, हे आपलं ठरलेलंच नाही.

अलिबागहून सहा आसनी मिळाली. थळच्या बाजूला खत कारखान्याची चिमणी दिसायला लागली की आंबेखारचा फाटा येतो. फाट्यावरून चालत जाताना तिची सावली पुढे पडत होती आणि घसा कोरडा पडला होता. टाकीशी टँकर उभा होता आणि कळशांची रांग वळून देवळापर्यंत गेली होती. लाइन धुवायला घेतली म्हणून नळ बंद होते. रांगेतल्या बायका तिला बघून हसल्या, कवा आलीस, एकटीच का, असं विचारलं. कुणाच्या बोलण्यात काही नव्हतं. ती आधी आत्याकडे गेली. ठमाबाई ओटीवर चटईवर निजली होती, हाताला सुईची काळीनिळी खूण. माणूस दहा दिवसांत इतकं लहान होतं हे कल्पिताला माहीत नव्हतं. "ये गो बाय," म्हातारी म्हणाली. "तुला तं कय झालं न्हाय ना?" "नाही आत्या." "बरं झालं. तू नाजूक." मग तिने आवाज खाली आणला. "सदूनं गावाला पानी पाजलं वीस वरसं. आता पोरं त्याला दारुड्या बोलतात. तो घोटभर घेत न्हाय, तुला ठावं हाय. तू सांग त्यांना." कल्पिताने तिचा हात हातात घेतला. कातडी कागदासारखी कोरडी होती आणि खाली नाडी चालू होती. तिला वाटलं, आता रडू यावं. आलं नाही. पण ठरलं. खरं सांगायचं, हे त्या ओटीवर ठरलं, आणि ठरल्यावर तिला एकदम भूकही लागली.

ग्रामपंचायतीच्या खोलीत तीस-चाळीस माणसं होती. बायका दारात आणि खिडक्यांशी उभ्या. टेबलामागे येसाजी, शेजारी वही उघडून बसलेले ग्रामसेवक, वर कुरकुरणारा पंखा. सदू भिंतीशी बाकड्यावर बसला होता, इस्त्रीचा सदरा घालून, शाळेत शिक्षा ऐकायला बसावं तसा. कल्पिताला त्यांनी खुर्ची दिली. येसाजींनी झालं ते सांगितलं, कुणालाही न दुखावता, ट्रक वळवावा तशा सावकाशीने. मग म्हणाले, "बोल कल्पिता." ती उभी राहिली. तिने ठरवलं होतं तसं, लहान वाक्यांत सांगितलं. "सदूदादाची चूक नाही. तिप्पट पावडर टाक असं मीच त्याला फोनवर सांगितलं. मंगळवारी. त्याने मी सांगितली तेवढीच टाकली." तिला वाटलं, झालं. आता येईल ते अंगावर घ्यायचं. पण काही आलं नाही. येसाजींच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं, आणि ते हसू वाईट नव्हतं. "बघा," ते लोकांकडे वळून म्हणाले, "शिकून शहरात गेली, पन भावाला इसरली न्हाय." "तसं नाही. मी खरंच—" "कल्पे, तू कशाला मधी परतंस?" सदू उठला होता. "तिचं ऐकू नका. तिनं बरोबर सांगितलेलं, हजाराला पाच. मीच करवंट्या मोजाया चुकलो." तो तिच्याकडे बघत नव्हता. मागून एक म्हातारा म्हणाला, "एवढी शिकलेली पोर, ती असं कसं सांगल?" आणि दोन-चार माना हलल्या.

मग तिने समजावून सांगायला सुरुवात केली, आणि तिथेच सगळं हातातून गेलं. ती पाइपातल्या थराबद्दल बोलली. रोजच्या थोड्या पावडरीने तो चिवट कसा होतो, एकदम जास्त टाकली की तुकडे कसे सुटतात, तुकड्यांच्या पोटात जंतू कसे तगून राहतात, टाकीपाशी पिवळा रंग आला तरी शेवटच्या नळाला पावडर का पोचत नाही. जितकं नीट सांगत गेली तितकी माणसं तिच्याकडे कौतुकाने बघू लागली. चूक कबूल करायला उभी राहिलेली बाई व्याख्यान देत होती, आणि ज्याला एवढं कळतं त्याच्या हातून चूक होईल कशी, हा त्यांचा हिशेब तिला उभ्याउभ्या दिसत होता. तो हिशेब साधा होता, प्रेमाचा होता, आणि त्याला कुठेही फट नव्हती. तिचा शब्द त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधीच वरच्या वर विरून जात होता. "मग हे पुन्हा होऊ नये म्हनून काय करायचं?" येसाजींनी विचारलं. आणि तिने ते वाक्य उच्चारलं. "जास्त पावडर टाकली की नळाचं पहिलं पाणी वापरायचं नाही. खालच्या आळीचा वॉशआउट उघडून तासभर गटारात सोडून द्यायचं." ग्रामसेवकांनी ते लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं: श्रीमती कल्पिता यांनी तज्ज्ञ म्हणून बहुमोल मार्गदर्शन केले, सभेने आभार मानले. "आणि मी आधी सांगितलं ते?" तिने विचारलं. "ते भावनेच्या भरातलं, ताई," ग्रामसेवक अदबीने म्हणाले. "वहीत कसं घेणार?" त्याखालच्या ओळीत सदूला कामावरून कमी केल्याचा ठराव होता. विरोधात हात वर करायला तिला मत नव्हतं. सदूने खिशातून टाकीच्या खोलीची चावी काढून टेबलावर ठेवली, ती घरंगळू नये म्हणून बोटाने जरा थांबवली, आणि तिच्याजवळून जाताना हळूच म्हणाला, "च्या पिऊन जा. उन्हाची निघू नको." त्याच्या आवाजात राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

ती बाहेर आली. ऊन पांढरं झालं होतं. टँकरच्या आता आखूड झालेल्या रांगेत, टाकीच्या सावलीला, सदूची बायको रतन दोन कळशा पायांशी ठेवून उभी होती. मीटिंग चालू होती तेव्हा ती खिडकीशी होती. कल्पिताने तिचा हिरवा पदर पाहिला होता. रतन बोलायला कमी. लग्न होऊन आली तेव्हापासून ती कल्पिताशी जेमतेम दहा वाक्यं बोलली असेल, आणि त्यांतली आठ जेवायला वाढतानाची. कल्पिता तिच्याजवळ गेली. "वहिनी," ती म्हणाली, "मी खरं तेच सांगत होते. कुणी ऐकलंच नाही." "मना ठावं हाय," रतन म्हणाली. "ह्यांचे हात पावडरीत व्हते. फोन मी धरला व्हता ह्यांच्या कानाला. सगला ऐकला." रांग एक पाऊल पुढे सरकली, रतनने पायाने एकेक कळशी पुढे ढकलली. कल्पिताही तिच्याबरोबर एक पाऊल सरकली, आपण रांगेत नाही हे तिच्या ध्यानात आलं नाही. म्हणजे ही बाई दहा दिवस सगळं जाणून होती. दुकानातला गोंगाट, साडी सापडल्यावर आपण मध्येच म्हटलेलं "हां, हीच", मग "बस, एवढंच", सगळं. आणि गावभर नवऱ्याला दारुड्या म्हणताना ऐकून घेत होती. "मग तुम्ही बोलला का नाहीत?" "ते बोलले, कल्पीचं नाव मधी आलं तं तिची नोकरी जाईल. शपथ घातली आईची." रतनने पदराने मान पुसली. तिच्या चेहऱ्यावर कल्पिताला राग शोधूनही सापडेना. ती काहीतरी ताडून पाहत असल्यासारखी दिसत होती, बाजारात माशाचे कल्ले उघडून बघतात तशी. टँकरच्या नळीचा धबधबा थांबला, पुन्हा सुरू झाला. कुणीतरी पुढून ओरडलं, चला, पुढं चला.

"वन्सं, एक इचारू?" रतन म्हणाली. "ते पहिल्या पान्याचं आता तुम्ही बोललात. गटारात सोडायचं म्हून. ते त्या दिवशी, फोन केला तवा, तुम्हाला ठावं व्हतं?"

कल्पिताच्या मनात तीन उत्तरं आली. त्यांतली दोन चांगली होती. घाईत होते, असं एक, आणि सदूदादाला आठवत असेल असं वाटलं, असं दुसरं. पहिल्यात थोडं खरंही होतं. पण समोरची बाई उत्तरासाठी घाई करत नव्हती, आणि आपल्या आत खूप खालच्या थरात काहीतरी दुखायला लागलंय हे कल्पिताला स्पष्ट जाणवलं. ती त्याच्याकडे लांबून बघू शकली नाही.

"व्हतं," ती म्हणाली.

रतनने मान हलवली. तिचा नंबर आला होता. तिने पहिली कळशी नळीखाली धरली, भरली, बाजूला ठेवली, दुसरी धरली. पाणी काठोकाठ आलं तेव्हा वर न बघताच तिने कल्पिताला सांगितलं, "ह्यांना नका सांगू. ते समजतात, तुम्ही सांगायचं इसरलात."